परवाना एकाचा, वही घरची

सोलापूर जिल्ह्यात बंदूक असलेली घरं साधारण चार तऱ्हेची. मोहोळ, माढा, करमाळ्याकडे शेतात वस्ती करून राहणारे बागायतदार. त्यांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेला. फौजेतून निवृत्त होऊन बँकेत किंवा साखर कारखान्यावर सुरक्षारक्षक म्हणून लागलेले आणि स्वतःच्या नावावर बारा बोअर असलेले माजी सैनिक. रोकड घेऊन फिरावं लागतं म्हणून रिव्हॉल्व्हर बाळगणारे व्यापारी आणि सराफ. आणि जुने वाडे, जिथे शिकारीच्या काळातली दुनळी अजून कपाटात उभी आहे. राहणीमान वेगळं, गरज वेगळी, पण एक गोष्ट या सगळ्या घरांत सारखी आढळते. हत्याराविषयी जे काही माहीत असायला हवं, ते एकाच माणसाला माहीत असतं. परवान्याची मुदत कधी संपते, काडतुसं किती उरलीत, मागच्या निवडणुकीत जमा केल्याची पावती कुठे आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात. तो माणूस आजारी पडला किंवा गेला की ठाण्यातून आलेल्या हवालदारासमोर त्याची बायको किंवा मुलगा उभा राहतो आणि त्यांच्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं.

म्हणून परवाना एकाच्या नावावर असला, तरी त्याची वही घरच्यांना वाचता येईल अशी असावी. पुढे जे लिहितो आहे ते याच एका हेतूने.

आधी कायदा कुठपर्यंत नोंद ठेवायला लावतो ते पाहू. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम हे आजचे मूळ आधार. तुमच्या परवान्यावर हत्याराचा प्रकार, बोअर आणि क्रमांक असतो. राष्ट्रीय नोंदणीतला एकमेव ओळख क्रमांक, ज्याला सगळे ‘यूआयएन’ म्हणतात, तोही असायलाच हवा. शिवाय काडतुसांबाबत दोन आकडे असतात आणि बहुतेक जण त्यांची गल्लत करतात. एक आकडा म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती काडतुसं जवळ ठेवता येतील तो. दुसरा म्हणजे वर्षभरात किती विकत घेता येतील तो. वर्षाचा कोटा शिल्लक आहे म्हणून दुकानातून काडतुसं आणली, पण घरात आधीची पडून होती आणि दोन्ही मिळून एका वेळच्या मर्यादेपेक्षा जास्त झाली, तर तो परवान्याच्या अटीचा भंग आहे. असा भंग म्हणजे नुसती ताकीद नव्हे, त्याला कैदेची आणि दंडाची तरतूद आहे. हेतू वाईट नसला तरी आकडा आकडाच राहतो.

खरेदीच्या वेळी विक्रेता परवान्यावर तारीख आणि संख्या लिहून सही करतो. त्यामुळे आलेल्या मालाची नोंद आपोआप होते. गेलेल्या मालाची मात्र कुठेच होत नाही. पाच वर्षांत साठ काडतुसं घेतली, आज घरात बावीस आहेत, तर अडतीस कुठे गेली? परवाना त्याचं उत्तर देत नाही. ते उत्तर तुमच्या वहीतच असायला हवं.

वही कशी असावी याचा फार बाऊ करू नका. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, स्टेशनरीच्या दुकानात मिळते तशी दोनशे पानी. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांना शाईने क्रमांक घाला, म्हणजे पान फाडलं गेलं तर कळेल. पेन्सिल नको, व्हाइटनर नको. चुकलं तर एक सरळ रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. ज्यांनी आयुष्यभर दुकानाची किर्द लिहिली त्यांना हे सांगायची गरज नाही. मोबाइलमधल्या तक्त्यावर भिस्त ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. फोन बदलतो, फुटतो, हरवतो. आणि घरात कोणतं हत्यार आहे, ते कुठे ठेवलं आहे हे लिहिलेला तक्ता व्हॉट्सअॅपवर एकदा गेला की तो कोणाकोणाच्या हातात पडला याचा पत्ता लागत नाही.

पहिली दोन पानं हत्याराची. एका हत्याराला एक पान. त्यावर प्रकार, बनावट, बोअर, क्रमांक, कोणाकडून कधी घेतलं, त्या बिलाचा क्रमांक, परवान्यावर चढवल्याची तारीख, यूआयएन. हत्याराचा क्रमांक परवान्यावरून उतरवून काढू नका. प्रत्यक्ष लोखंडावरून वाचा. दुनळी असेल तर आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी खात्री करा. मग पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या करा आणि मागच्या बाजूचा सपाट भाग खोबरेल लावलेल्या फडक्याने पुसा. क्रमांक बहुधा तिथे असतो आणि चापाच्या कड्याजवळही असतो. दोन्ही जुळतात का ते पाहा. जुन्या बंदुकांमध्ये कधी ‘8’ झिजून ‘3’ सारखा दिसतो, तर कधी कारकुनाने चाळीस वर्षांपूर्वी लिहिताना एक आकडा गाळलेला असतो. ही तफावत तुम्ही स्वतः शोधून अर्ज करून दुरुस्त करून घेतलीत तर ते एका अर्जाचं काम आहे. तीच एखाद्या तपासणीत दुसऱ्याला सापडली, तर हातात असलेली बंदूक परवान्यावरची नाहीच, असा प्रश्न उभा राहतो.

त्याच सपाट भागावर आणखी एक मजकूर शोधा. तो आहे काडतुसाच्या घराची लांबी. इंग्रजांच्या काळातल्या अनेक बारा बोअर बंदुकांचं घर अडीच इंचांचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं आहे. आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची असतात. काडतुसाची ही लांबी उडाल्यावर तोंड उघडल्यानंतरची असते, त्यामुळे न उडालेलं ७० चं काडतूस आखूड घरातही सहज बसतं. बसलं म्हणजे चालतं असं माणूस समजतो. बार उडताना मात्र तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि नळीतला दाब वाढतो. जुनी, पातळ झालेली नळी तो दाब सोसेलच असं नाही. हत्याराच्या पानावर ठळक अक्षरात ‘फक्त ६५ मिमी’ असं लिहून ठेवा. तुमच्यानंतर ती बंदूक हातात घेणाऱ्याला हे दुसरं कोणी सांगणार नाही.

एखाद्याच्या नावावर दोनपेक्षा जास्त हत्यारं असतील तर त्याबद्दलही एक ओळ हवी. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि तिसरं असेल तर ते वर्षभरात जमा करायचं होतं. वारशाने आलेल्या हत्यारालाही ही मर्यादा लागू आहे. नेमबाजीतल्या खेळाडूंसाठी वेगळे नियम आहेत. तिसरं हत्यार तेव्हा कुठे जमा केलं, विकलं की ठाण्यात दिलं, त्याची पावती कुठे आहे, हे वहीत असू द्या. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनाऐवजी पाच वर्षांची केली. हे सोयीचं झालं, पण माणूस विसरायलाही मोकळा झाला. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी द्यायचा असतो. ती साठ दिवस आधीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा आणि दर वर्षी दिवाळीत नवं कॅलेंडर भिंतीवर लावताना त्या वर्षात ती येते का ते बघा.

आता काडतुसं. यासाठी वहीचा मोठा भाग राखून ठेवा आणि पानावर सहा उभे रकाने आखा. तारीख, आधीची शिल्लक, आलेली, गेलेली, कारण, आजची शिल्लक. एखादी ओळ अशी दिसेल: ‘१२ ऑगस्ट. आधीची १८. आली नाहीत. गेली २. रात्री उसात डुकरांचा कळप, हुसकावायला दोन बार, दोन्ही उडाले. शिल्लक १६. रिकामी २ डब्यात.’ एवढी ओळ लिहायला दोन मिनिटं लागतात, पण ती त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या सकाळी लिहिली तरच खरी असते. महिन्याने आठवून लिहिलेली नोंद आणि रोजची नोंद यांतला फरक अनुभवी अधिकाऱ्याला शाईवरूनही कळतो.

छऱ्यांचा नंबर वेगळा असेल तर पान वेगळं करा. एलजी, एसजी, बीबी, चार नंबर हे सगळं एकाच बेरजेत टाकलं की एक दिवस नको ते काडतूस नळीत जातं. खोक्यावरचा लॉट क्रमांक आणि वर्ष उतरवून घ्या. आपल्याकडची बरीच काडतुसं पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्याची असतात. हा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. एखाद्या लॉटमधली काडतुसं वारंवार दगा देऊ लागली, तर लॉट क्रमांकाशिवाय विक्रेत्याकडे तक्रार कशाच्या आधारावर करणार?

दगा देणाऱ्या काडतुसाचा हिशेब लोक हमखास चुकवतात. चाप ओढला, टक् आवाज झाला, बार उडाला नाही. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेलाच धरून निदान अर्धा मिनिट थांबा, लगेच उघडू नका. कधीकधी बार उशिरा उडतो. मग ते काडतूस काढून वेगळ्या डबीत ठेवा आणि वहीत ‘न उडालेलं’ म्हणून लिहा. ते शिलकीतून वजा होत नाही. जोवर ते विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात देऊन तशी पोच घेतलेली नाही, तोवर ते तुमच्या एका वेळच्या मर्यादेतच मोजलं जातं. विहिरीत टाकणं, चुलीत घालणं, शेतात पुरणं हे तिन्ही प्रकार धोक्याचे आहेत आणि हिशेबही कायमचा बिघडवतात. पितळी बुडाला हिरवा थर धरलेली, फुगलेली काडतुसंही याच डबीत जातात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेली काडतुसं लवकर खराब होतात. ती घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीत कुलपात असावीत आणि बंदुकीचं कुलूप वेगळं असावं.

पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेल्यांनी कारणाच्या रकान्यात जास्त काळजी घ्यायला हवी. शस्त्र परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. रानडुक्कर असो की काळवीट, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली येतात. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. जनावर मारण्याची परवानगी वन विभाग देतो आणि ती लेखी असते. तशी परवानगी मिळाली असेल तर तिचा क्रमांक आणि तारीख त्याच ओळीत लिहा. मिळाली नसेल तर बार फक्त हुसकावण्यासाठी होता, हे वहीत दिसलं पाहिजे आणि ते खरंही असलं पाहिजे.

उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या पट्ट्यातल्या लोकांसाठी इथे एक खास बाब आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. नान्नजचं माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं. त्याचं मूळ क्षेत्र अवाढव्य होतं, पुढे ते बरंच कमी करण्यात आलं. वन्यजीव अधिनियमाचं ३४ वं कलम सांगतं की अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकाने आपली नोंदणी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करून घ्यायची. याच परिसरात नवा शस्त्र परवाना द्यायचा तर त्यांची आधी संमती लागते. आणि लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकता येत नाही, मग तुमच्या शेताची वाट तिथूनच का जात असेना. तुमचं गाव आजच्या हद्दीपासून किती अंतरावर आहे हे वन कार्यालयात लेखी विचारा आणि येईल ते उत्तर वहीसोबतच्या फायलीत लावा. आजोबांच्या काळात केलेल्या नोंदणीचा कागद ट्रंकेत पडला असेल तर तोही शोधून काढा. वारसाने नव्याने परवाना मागितला की तोच कागद पहिल्यांदा उपयोगी पडतो.

ठासणीच्या बंदुकीचा हिशेब काडतुसांपेक्षा किचकट आहे, कारण इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. दारू वजनाने, टोप्या नगाने, छर्रे वजनाने. परवान्यावर जेवढं लिहिलं आहे तेवढंच घरात असावं, आणि प्रत्येक बाराला किती दारू घालता ते ठरलेलं माप वहीच्या त्या पानावर वरच लिहून ठेवा. तसं केलं की उडालेले बार आणि संपलेली दारू यांचा मेळ बसतो. मेळ बसत नसेल तर एकतर माप चुकतं आहे किंवा दारू दुसरीकडे जाते आहे. दुसरी शक्यता घरात तरुण पोरं असतील तर अजिबात हसण्यावारी नेऊ नका. दारू चुलीपासून, देवघरातल्या समईपासून, विजेच्या बोर्डापासून लांब ठेवा.

काडतुसं घरी भरण्याचा विषय इथेच संपवतो. परदेशातल्या, विशेषतः अमेरिकेतल्या नेमबाजांच्या चित्रफिती पाहून आपल्याकडेही काहींना वाटतं की रिकामी काडतुसं जपावीत, छोटं यंत्र आणावं आणि घरीच भरावीत. तिथे तो सर्रास चालणारा छंद आहे आणि त्यांच्या नोंदवह्यांचे नमुनेही त्यासाठीच बनलेले असतात. आपल्या कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग तर येतातच, पण काडतूस बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे ते यंत्र नुसतं कपाटात असणं हाही परवान्याचा प्रश्न आहे, आणि काडतूस भरणं ही निर्मिती, जिला वेगळा परवाना लागतो. जुन्या वाड्यांत मात्र या वस्तू अजून सापडतात. शिकारीच्या दिवसांत पितळी काडतुसं पुन्हा पुन्हा भरली जात. त्यामुळे माळ्यावरच्या एखाद्या पेटीत पितळी नळकांडी, टोपी बसवायची हत्यारं, छऱ्यांची पिशवी, एखाद्या डब्यात सुकलेली काळी दारू असं काहीबाही निघतं. असं काही सापडलं तर त्याला हात न लावता आधी यादी करा आणि एक फोटो काढा. मग वकिलाचा सल्ला घेऊन पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि ते जमा करून पोच घ्या. दारूचा डबा गाडीत घालून ठाण्यात नेऊ नका. तो कसा न्यायचा ते त्यांनाच विचारा. भिंतीवर शोभेला लावलेली गंजकी बंदूक निकामी आहे असंही स्वतःच ठरवू नका. निकामी असल्याचं कोणीतरी अधिकृतपणे लिहून दिलं तरच ती निकामी.

आता निवडणूक. सोलापूरकरांनी २०२४ मध्ये हा अनुभव एकाच वर्षात दोनदा घेतला. ७ मे रोजी सोलापूर आणि माढा लोकसभेचं मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला, आणि पुन्हा २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. आचारसंहिता लागली की हत्यार जमा करण्याच्या नोटिसा निघतात आणि निकालानंतर साधारण आठवड्याने ती परत मिळतात. सरसकट सगळ्यांचीच हत्यारं जमा करून घ्यायची नाहीत, छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात २००९ मध्ये सांगितलेलं आहे. त्यामुळे बँकेच्या नोकरीसाठी किंवा स्पर्धेसाठी हत्यार खरोखर लागत असेल तर कारण आणि पुरावा जोडून त्या समितीकडे वेळेत अर्ज करता येतो. अर्ज दिल्याची पोच मात्र घ्या. नोटीस हातात पडल्यावर हत्यार न देण्याचा हट्ट करू नका.

जमा करायला जाताना आदल्या दिवशी बंदूक स्वच्छ करून नळीतून तेलाचं फडकं फिरवा, कारण ती दोन महिने इतर हत्यारांच्या गर्दीत उभी राहणार आहे. पावतीवर हत्याराचा क्रमांक, काडतुसांची संख्या, पट्टा किंवा पेटी दिली असेल तर तिचा उल्लेख, स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक आणि तारीख आहे ना ते तिथेच उभं राहून वाचा. ‘एक बारा बोअर बंदूक’ एवढंच लिहिलेली पावती नम्रपणे परत करून पूर्ण लिहून मागा. दस्त्यावरच्या ओरखड्याचा, तडीचा फोटो आधीच काढून ठेवा. परत आणाल तेव्हा त्याच पावतीवरून एकेक गोष्ट पडताळा, मग वहीत परत आल्याची ओळ लिहा. पहिला बार टाकण्याआधी नळीतलं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायला विसरू नका. जुन्या पावत्या फेकू नका. एखाद्या कालावधीत हत्यार तुमच्या ताब्यात नव्हतंच, हे सिद्ध करणारा तेवढाच एक कागद असतो.

सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्या माजी सैनिकांसाठी दोन शब्द. सेवेत असताना दुसऱ्या राज्यात किंवा जिल्ह्यात काढलेला परवाना असेल तर इथे स्थायिक झाल्यावर त्याची नोंद इथल्या परवाना प्राधिकाऱ्याकडे झाली पाहिजे. शहर हद्दीत पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी, हा फरक लक्षात ठेवा. होटगी रस्त्यावरून घर एखाद्या गावात हलवलं तरी कार्यालय बदलू शकतं. कामावर जाताना किती काडतुसं नेली आणि किती परत आणली याची रोजची नोंद कामाच्या ठिकाणच्या रजिस्टरवर होते, पण ते रजिस्टर मालकाचं. नोकरी सुटली की ते तुमच्या हाती राहत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी तो आकडा स्वतःच्या वहीत उतरवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो परवानाधारकाच्या मृत्यूनंतर. एक नेहमीचं चित्र सांगतो. वडील जातात. दहावं, तेरावं होतं. बंदूक कपाटात तशीच. मोठा मुलगा म्हणतो, वर्षश्राद्ध झालं की बघू. धाकटा पुण्यात. आईला कपाटाच्या किल्लीला हात लावायची भीती वाटते. नूतनीकरणाची तारीख निघून जाते. आणि या सगळ्या काळात घरात असलेल्या त्या बंदुकीला कोणाचाच परवाना नसतो, कारण परवाना वडिलांचा होता, घराचा नव्हता. शस्त्र अधिनियमाचं २१ वं कलम अशा वेळी स्पष्ट आहे. ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता हत्यार आणि दारूगोळा जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा. जमा केलं म्हणजे गमावलं असं नव्हे. वारसाला परवाना मिळाला की ते परत घेता येतं, किंवा ज्याला बाळगण्याचा हक्क आहे अशा माणसाला विकता येतं. पण त्यालाही मुदत असते. ती उलटली तर हत्यार सरकारजमा होऊ शकतं, म्हणून पावती फायलीत लावून निवांत बसू नका.

वारसाला अर्ज करताना मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, जमा केल्याची पावती आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत लागतं. वय २१ पूर्ण हवं. घरात भावाभावांत बोलणं बंद असेल तर ना हरकतीवर सगळं अडतं, आणि ते मी अनेक घरांत पाहिलं आहे. म्हणून माझा आग्रह आहे की हे काम जिवंतपणीच मार्गी लावावं. २०१६ च्या नियमांत त्याची सोय आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असेल, तर तो हयात असतानाच कायदेशीर वारसाच्या नावाने परवान्याचा विचार होऊ शकतो. ज्याची नजर कमी झाली आहे, हात थरथरतो आहे, त्याने हा अर्ज पुढे ढकलू नये. आणि मुलांपैकी कोणालाच बंदूक नको असेल तर तेही आत्ताच विचारून घ्यावं. विकायची असेल तर जिल्हादंडाधिकारी किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं.

वहीचं शेवटचं पान यासाठीच राखून ठेवा. त्यावर घरच्यांना उद्देशून साध्या मराठीत लिहा. मी नसेन तेव्हा बंदुकीला हात लावू नका, कोणालाही दाखवू नका, अमुक ठाण्यात वर्दी द्या, अमुक वकिलांना बोलवा, किल्ली अमुक ठिकाणी, मूळ परवाना अमुक फायलीत, काडतुसांची शिल्लक वहीच्या अमुक पानावर. खाली तारीख आणि सही. बायकोला हे पान एकदा वाचून दाखवा आणि तिला काही विचारायचं असेल तर त्याचं उत्तरही तिथेच लिहा. तिने विचारलेल्या प्रश्नांमुळे त्या पानातली उणीव जशी कळते तशी दुसऱ्या कशाने कळत नाही.

चोरी किंवा हरवल्याची घटना घडली तर पहिलं काम ठाण्यात वर्दी, शोधाशोध नंतर. दोन दिवस स्वतः शोधून मग वर्दी देणाऱ्याला त्या दोन दिवसांचा जाब द्यावा लागतो. वर्दी देताना क्रमांक, यूआयएन आणि शिल्लक हे तीन आकडे तोंडपाठ नसतात, म्हणूनच वही बंदुकीच्या कपाटात ठेवायची नाही. चोर कपाट फोडेल तेव्हा वहीही जाईल. वही वेगळ्या कुलपात, आणि हत्याराच्या पानाची व परवान्याची साक्षांकित प्रत बंद लिफाफ्यात बँकेच्या लॉकरमध्ये किंवा वकिलाकडे.

वर्षातून एकदा पूर्ण मोजणी करा. आपल्याकडे त्यासाठी खंडेनवमीसारखा दुसरा दिवस नाही. हत्यार पूजेला बाहेर निघतंच. पूजेआधी, घरातली लहान मुलं आसपास नसताना, नळी रिकामी आहे ते तपासा, क्रमांक वहीशी ताडून बघा, काडतुसं एकेक हातात घेऊन मोजा. शिल्लक जुळली तर ‘मोजली, बरोबर’ असं लिहून तुम्ही सही करा आणि घरातल्या दुसऱ्या एका प्रौढ माणसालाही करायला लावा. जुळली नाही तर फरक जसा आहे तसा लिहा, आकडा जुळवण्यासाठी मागच्या नोंदी बदलू नका. फरकाचं कारण सापडलं तर ते खाली लिहा, नाही सापडलं आणि काडतूस खरोखर गहाळ असेल तर ठाण्याला कळवा. पूजा झाली की हत्यार लगेच कुलपात. त्याचे फोटो कुठे टाकू नका, आणि मिरवणुकीत, लग्नात, देवळासमोर हवेत बार तर मुळीच नको. अशा बारासाठी २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

वही भरली की नव्या वहीच्या पहिल्या पानावर जुनी शिल्लक, तारीख आणि ‘मागील वही क्रमांक १ वरून’ असं लिहून पुढे चालू करा. जुनी वही परवान्याच्या जुन्या प्रतींसोबत बांधून ठेवा आणि हत्यार घरातून कायमचं जाईपर्यंत ती जपून ठेवा.